सात नंबरची मुलाखत

पुस्तक फौजींच्या बायकांवर होतं. नवरा सीमेवर असताना ऊस, गोठा, सासर एकटीनं ओढणाऱ्या बायका. नाव कुठेच येणार नाही, असा शब्द मी प्रत्येकीला दिला होता. पुस्तकात त्या फक्त आकडे होत्या. सात नंबर माझी मावशी.

मला समोर बसून प्रश्न विचारणं जमत नाही. मी त्यांच्यासोबत भाजी निवडत बसायचे आणि नंतर सगळं लॅपटॉपवर टिपायचे. संदर्भ ठेवायच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक नोंदीखाली, मग ते पुस्तक असो की मुलाखत, टिपणासाठी एक चौकट असते; एरवी ती छापली जात नाही. कुठला नंबर कोणाचा हे विसरू नये म्हणून तिथे मी खरं ते लिहून ठेवलं होतं, शाळेपासूनच्या सवयीनं इंग्रजीत.

सांगलीच्या प्रकाशकांना संदर्भसूची वेगळ्या पद्धतीची हवी होती. साताऱ्यात घरी बसून मी सॉफ्टवेअरमध्ये ती पद्धत निवडली आणि अख्खी सूची क्षणात नव्यानं मांडली गेली. पहिलं पान पाहिलं. त्यावर पुस्तकंच होती, सगळं नीट होतं. पुढची पानं मी पाहिलीच नाहीत. प्रिंट काढली आणि सांगलीला जाताना पलूसला मावशीकडे थांबले.

काका सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. चष्मा लावून त्यांनी गठ्ठा मागूनच उघडला.

"काका, तिथे नुसती यादी आहे."

"असू दे की. आमची निम्मी नोकरी याद्या वाचण्यात गेली. आपल्या गावाचं नाव आलंय का बघतो."

"आवं, चहा सांडंल त्याच्यावर," मावशी म्हणाली. "पोरीचं तीन वर्षांचं काम हाय."

काका शब्दांवर बोट ठेवून मोठ्यानं वाचत होते, मावशीला मराठीत सांगत होते. "मुलाखत सात. माझी मावशी, पलूस. दोनदा पिशवी भरून स्टँडवर..."

बोट थांबलं. पुढचं त्यांनी मनात वाचलं. मला ते पाठ होतं: 'कायमची निघाली होती. काकांना माहीत नाही.'

नव्या पद्धतीनं टिपणंही छापली होती. सगळ्या बायकांची.

"दोनदा?" काकांनी विचारलं.

मावशीनं त्यांच्याकडे बघितलंच नाही. "तू म्हणाली व्हतीस, कुणाला कळायचं न्हाई," ती मला म्हणाली.

सॉफ्टवेअर, सेटिंग, असं काहीतरी मी पुटपुटले. ते मलाच ऐकवेना.

"माझं काढून टाक," एवढं बोलून ती स्वयंपाकघरात गेली. थोड्या वेळानं काकाही उठून आत गेले.

चौथं प्रकरण तिच्यावरच उभं होतं. मी लॅपटॉप उघडला. आधी एकूण एक टिपण पुसलं, मग सात नंबर, मग ते प्रकरण.

आतून काकांचा आवाज आला. "कुठली गाडी व्हती?"

"साताऱ्याची. म्हायेरची."

"मग माघारी का फिरलीस?"

"एकदा म्हशीची धार राहिली व्हती," मावशी म्हणाली. "दुसऱ्यांदा गाडीच आली न्हाई."