खुर्चीचं जेट इंजिन

तिकडे उत्तरेत, मानक नगरच्या आमच्या हिंदी बोलणाऱ्या रेल्वे कॉलनीत सगळ्यांचा एकच पक्का समज: "इंजन तो इंजन है." म्हणून कॉलनीच्या विज्ञान कार्यक्रमात मुलांना जेट विमान समजावून सांगायला मला धरलं. अहो, मी जन्मभर ब्रेक तपासणारा माणूस! माझं काम गाडी थांबवायचं. पण सहावीतली माझी लेक मैत्रिणींना सांगून बसली होती, "मेरे पापा को सब आता है." झालं! आता माघार कसली घेता?

दोन दिवस घोकंपट्टी करून कॉलनीच्या हॉलमध्ये उभा राहिलो. सांगितलं, इंजिन पुढून हवा ओढतं, फिरत्या पात्यांच्या रांगा ती दाबत दाबत आत नेतात. त्या दाबलेल्या हवेत इंधन जळतं आणि तापलेला वायू जोरात मागे सुटतो. तो मागे, म्हणून विमान पुढे. पोरं जांभया देत होती. लेक पहिल्या रांगेत मान खाली घालून बुटाची नाडी बांधत होती. सुटली नव्हती ती.

मग मी हुकमाचा एक्का काढला. चाकांच्या खुर्चीत बसलो, बागेतली वाळकी पानं उडवायचा ब्लोअर पोटाशी धरला, त्याचं तोंड समोर केलं. "देखो, हवा आगे, कुर्सी पीछे!" बटण दाबलं. टेबलावरचे कागद उडाले, माझ्या स्वागताच्या हाराच्या पाकळ्या उडाल्या. खुर्ची मात्र ढिम्म.

हॉल खदाखदा हसला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. लेक उठली तेव्हा वाटलं, गेली ही घरी. तर ती सरळ माझ्यापाशी आली. घरी मराठीत विचारलं तरी हिंदीत उत्तर देणारी ही बया, कुणाला कळू नये म्हणून कानाशी मराठीत म्हणाली, "बाबा, उठा. मशीन बरोबर आहे, तुम्ही जड आहात."

ती बसली. ब्लोअर घोंघावला, आणि खुर्ची हळूहळू मागे सरकत स्टेजच्या पडद्याला टेकली. टाळ्या!

"देखा?" ती ठसक्यात म्हणाली. "भारी हवाई जहाज़ को बड़ा इंजन चाहिए. पापा यही दिखा रहे थे."

मी गंभीर चेहऱ्याने मान डोलावली.