चौथा पाय

थोरली कातारीण होती. लेथवर लाकूड फिरवायचं, फिरत्या लाकडाला पटाशी लावायची आणि त्यातून खुर्च्यांचे पाय, जिन्याचे कठडे, खुंट्या, मुठी काढायच्या, हा तिचा धंदा. बापाला मुलगा नव्हता आणि लेथला त्याचं काही सोयरसुतक नव्हतं. बाप थकला तशी ती लेथच्या टेकूपाशी, पटाशी टेकवतात तिथं, उभी राहिली, आणि केस पांढरे झाले तरी तिथून हलली नव्हती.

धाकटी तिच्याहून बरीच लहान. तिचं काम काचपेपरनं घासायचं. थोरलीनं कातलेला नग ती मांडीवर घ्यायची, डोळे मिटायची आणि बोटं फिरवत जायची. डोळ्याला न दिसणारी लाट तिच्या बोटाला लागायची. "इथं जेवायला उठली होतीस बघ," ती म्हणायची, आणि थोरली खरंच तिथंच उठलेली असायची.

शेडमध्ये तीन जागा ठरलेल्या होत्या. खिडकीखालची लांब फळी चांगल्या मालाची. कोपऱ्यातली चूल वाया गेलेल्याची. आणि दोन्हींच्या मधे, छातीच्या उंचीवर, एक आखूड फळी. तिला बाप दवाखाना म्हणायचा. कातताना बिघडलेला नग त्या दिवशी चुलीत घालायचा नाही आणि त्या दिवशी दुरुस्तही करायचा नाही, असा त्याचा दंडक होता. रात्रभर दवाखान्यात ठेवायचा. का, तर रागाच्या भरात माणूस वाचण्यासारखंही जाळून टाकतो, आणि वाईट वाटलं की नको तेही जपत बसतो. निकाल सकाळी, चहा पोटात गेल्यावर.

बाप गेला, दंडक राहिला. निकालावरून दोघींची भांडणं मात्र रोजची. थोरली चुलीच्या बाजूची. धाकटी दुरुस्तीच्या. सरसात भुसा कालवून ती अशी भेग बुजवायची की भेगेलाही स्वतःचा पत्ता लागू नये. एकदा एका कपाटाच्या मुठीवरून दोघींनी दोन दिवस अबोला धरला होता, आणि मूठ तेवढे दोन दिवस फळीवर बसून मजा बघत होती.

लग्न दोघींनीही केलं नव्हतं. थोरलीनं लेथपायी आणि धाकटीनं थोरलीपायी, असं गल्लीत म्हणायचे. थोरलीच्या कानावर ते आलेलं होतं. ती ते विसरली नव्हती.

आणि मग पलीकडच्या गल्लीतला सुतार, जो वर्षानुवर्षं खुर्च्यांचे पाय न्यायला यायचा, तो खुर्च्यांची मागणी नसतानाही यायला लागला. बायको जाऊन बराच काळ झाला होता त्याची. माणूस सरळ होता, पण थोरलीच्या मते त्याच्यात एक खोट होती. जोडात जरा फट राहिली की तो लांबी, म्हणजे खडू-तेलाचा लगदा, भरायचा आणि वर रंग फासायचा. थोरली त्याला लांबीवाला म्हणायची, तोंडावर.

"अहो, फट कुणाकडून राहत नाही?" तो हसून म्हणायचा.

"राहते की. पण तुमच्या खुर्चीत फट कमी आणि लांबी जास्त असते."

धाकटीनं एके दिवशी पेपर घासता घासताच सांगितलं. "अक्का, मी त्याला हो म्हटलंय."

थोरली लेथचा पट्टा ताणत होती. ती ताणतच राहिली. "लांबीवाल्याला?"

"हो."

"बरं," थोरली म्हणाली. पट्टा आधीच ताणून झालेला होता.

माळ्यावर बापानं शिसव जपून ठेवलेलं होतं, लग्नाच्या पलंगासाठी. कुणाच्या, ते त्यानं सांगितलं नव्हतं; जी आधी करेल तिच्या. एका पलंगाचे चार पाय निघतील एवढंच. धाकटीनं सुताराला बजावलं होतं की बाकीचा पलंग कशाचाही कर, पण पाय बापाच्या लाकडाचे आणि अक्काच्या हातचे. तो पलंग तयार झाल्याशिवाय मी तुझ्या घरी येत नाही. सुतार म्हणाला, "माझ्याकडे लोखंडी खाट आहे तोवर."

"मग तोवर तूच झोप तिच्यावर."

थोरलीनं काम मन लावून केलं. वरचा चौकोनी भाग तसाच ठेवायचा, तिथं पलंगाच्या पट्ट्या बसणार. त्याखाली एक टपोरा मणी, त्याखाली फुगीर पोट, आणि पोटाखाली निमुळता होत गेलेला पाय. शिसव कडक, पण एकदा पटाशीशी पटलं की काळ्या-जांभळ्या कुरळ्या साली सोडत राहतं. तीन पाय झाले. तीन बहिणी शेजारी उभ्या राहाव्यात तसे एकसारखे. बोट ठेवायला जागा नव्हती. धाकटीनं ठेवून बघितलं होतं.

चौथ्याचा मणी पूर्ण होत आला होता. सुतार मापं घ्यायला आला होता आणि दाराबाहेर धाकटीशी बोलत उभा होता. लेथच्या आवाजात शब्द कळत नव्हते. एकाएकी धाकटी हसली. पोटातून आलेलं, डोकं मागं टाकून हसलेलं हसू. असं ती कधी हसते हे थोरलीला ठाऊकच नव्हतं. तिनं मान वर केली. तेवढंच.

पटाशी लाकडात घुसली. कडाड असा आवाज झाला, पाय जागच्या जागी उसळला. थोरलीनं बटण दाबलं. लेथ हळूहळू थांबला, तेव्हा मण्याखाली, पोट सुरू व्हायचं तिथं, बोटाचं पेर बुडेल अशी खाच पडलेली होती. कडा फाटलेल्या, तंतू उभे राहिलेले.

दोघं धावत आत आली.

"लागलं का तुला?" धाकटी.

"मला नाही. त्याला लागलं."

सुतारानं वाकून बघितलं. "एवढंच ना? लांबी भरतो. वर काळं पॉलिश. कुणाला कळणार आहे?"

दोघी बहिणींनी त्याच्याकडे असं बघितलं की तो दोन पावलं मागं सरून दारात जाऊन उभा राहिला.

धाकटी खाचेवरून बोट फिरवत होती. "सरस-भुसा चालेल?"

"पलंगाचा पाय आहे. भार येणार त्याच्यावर. एवढ्या खाचेत भुसा सुटून बाहेर येईल."

"मग?"

"शिसव संपलं. असं जुनं लाकूड कुठं मिळतंय का, बघावं लागेल. वेळ जाईल." थोरलीनं पाय सोडवला आणि दवाखान्याच्या फळीवर ठेवला. "लगेच काही व्हायचं नाही तुमचं."

सुतार मान डोलावून गेला. धाकटी भुसा झाडायला लागली. आणि थोरलीला, तोंड धुता धुता, छातीतून काहीतरी खाली उतरल्यासारखं मोकळं वाटलं. म्हणजे अजून काही दिवस तरी हे असंच. सकाळी दोन कप, संध्याकाळी दोन ताटं, आणि मधे भांडण. तिला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचं कळलं तेव्हा पाणी डोळ्यांत गेल्याचं निमित्त करून ती बराच वेळ तोंड धूत राहिली.

सकाळी चहा झाला. फळीवर पाय होता. धाकटी त्याच्याकडे न बघता म्हणाली, "अक्का, एक विचारू? हात घसरला की घसरवलास?"

थोरलीला राग यायला हवा होता. आला नाही.

"घसरला. आईशप्पथ." तिनं कप खाली ठेवला. "पण घसरल्यावर मला बरं वाटलं. तेही खरं."

"ठाऊक आहे."

"कसं?"

"काल जेवताना तू गुणगुणत होतीस. तुझं शिसव वाया गेलंय आणि तू गुणगुणतेस. आणि तेही बेसूर."

धाकटीनं दोन्ही कप उचलले, विसळले, पालथे घातले. मग पाठमोरीच म्हणाली, "तुला वाटत असेल तर जाळ तो पाय. मी राहीन. रुसणार नाही. पण जाळायचा की ठेवायचा ते आज तू ठरव. नेहमी मी वाचवत बसते आणि तू मला नावं ठेवतेस. या खेपेला मी मधे पडणार नाही." आणि ती खरंच पिशवी घेऊन बाजारात निघून गेली.

शेडमध्ये थोरली आणि पाय, दोघंच राहिले.

तिनं तो उतरवला. चूल तीन पावलांवर होती. शिसव जळायला वेळ घेतं, पण जळतं. चुलीपाशी जाऊन ती उभी राहिली. पायाचं वजन हातात होतं. एवढंच लाकूड जपायला बापानं माळ्यावरची कौलं शेकारली होती, दर वर्षी वाळवी बघितली होती. जी आधी करेल तिचं, म्हणाला होता तो. करू नका, असं कधी म्हणाला नव्हता.

ती खिडकीपाशी आली. खाच उजेडात धरली. दुरुस्त करायचं म्हणजे भरायचं, हेच तिच्या डोक्यात होतं. भरायची सवय धाकटीची. तिची स्वतःची सवय काढायची. मग काढूनच बघू, असं तिच्या मनात आलं. खाच बुजवायची नाही. दोन्ही बाजूंनी उतरती करत न्यायची, मण्याखाली कंबर आणायची. पण मग हा पाय बाकीच्या तिघांहून वेगळा. एक कमरेचा आणि तीन बिनकमरेचे. म्हणजे त्या तिघांनाही कंबर आणायला हवी. चांगले तीन नग, बोट ठेवायला जागा नसलेले, त्यांना मुद्दाम पटाशी लावायची. एकाला जरी परत तसंच झालं तर चारही गेले.

आधी तिनं चौथ्याची कंबर काढली, राहिलेलं पोट आणि खालचा निमुळता भागही कातला. फाटलेल्या कडा साफ झाल्या, खाचेची गोलाई झाली. मग तो टेबलाच्या वाइसच्या जबड्यात आडवा आवळला आणि त्याच्यावर सगळा भार टाकून बसली. पाय हलला नाही, करकरलाही नाही.

"काय चाललंय?" सुतार दारात. फूटपट्टी काल इथंच विसरला होता.

"भार बघतेय. दोन माणसांचा धरेल का."

त्यानं तिच्याकडे बघितलं. "मग धरेल. आम्ही दोघं मिळूनही तुमच्याएवढे भरत नाही."

थोरलीला हसू आलं. ते तिनं दाबलं, पण पूर्ण दबलं नाही.

तिनं पुठ्ठ्यावर कंबरेचा आकार कापून घेतला आणि चांगल्यांतला पहिला पाय लेथवर चढवला. टोकांवर लेथच्या टोचणीच्या खुणा शाबूत होत्या, बसला बरोबर. सुतारानं तोंड उघडलं. "अक्का, तो चांगला आहे. चांगल्यालाच कशाला..."

"गप बसा. तुमची लांबी बाहेर ठेवा आणि आत यायचं तर हसू नका. कुणी हसलं की माझं लाकूड बिघडतं."

तो कडेच्या ओंडक्यावर बसला, तोंडावर हात ठेवून. पटाशी लागली. कडक लाकूड आधी ओरडलं, मग गाऊ लागलं. थोरलीनं पुठ्ठा लावून बघितला, परत काढलं, परत बघितला. पहिला झाला. दुसरा. तिसऱ्याच्या वेळी धाकटी पिशवी घेऊन दारात आली, काय चाललंय ते तिला दिसलं, आणि ती तिथंच पिशवी न ठेवता उभी राहिली. या खेपेला थोरलीनं मान वर केली नाही.

दुपारी चारही पाय धाकटीच्या मांडीसमोर होते. तिनं डोळे मिटले. एकेकावरून बोटं फिरवली, मण्यावरून कंबरेत, कंबरेतून पोटावर. सुतार म्हणाला, "सगळे सारखेच आहेत. मला तर कुठला तो ओळखता येत नाही."

"हा," धाकटी म्हणाली. एका पायावर तिचं बोट थांबलं होतं. "बाकीच्यांची कंबर एका दमात काढलीय. इथं हात जरा घाबरत गेलाय."

"घासून टाक मग," थोरली म्हणाली.

"नाही घासणार." तिनं डोळे उघडले. "हा उशाकडे लावायचा. माझ्या बाजूला. निजताना हाताला लागला पाहिजे."

थोरली पट्टा ताणायला उठली. पट्ट्याला काही झालं नव्हतं.

पलंग झाला, धाकटी गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी थोरलीनं चहा जास्त केला आणि दोनदा प्यायली. मग एका कठड्याच्या चार खुंट्या कातल्या. त्यातली एक जरा डगमगली, ती दवाखान्यात ठेवली. उरलेल्या तीन मांडीवर घेऊन तिनं स्वतःच पेपर धरला, आणि डोळे मिटून घासायला बसली. बोटांना काही कळत नव्हतं. उघड्या डोळ्यांनीही फारसं कळत नव्हतं.

दारात सावली पडली. धाकटी होती. पदर खोचलेला, पेपरांचा डबा काखेत, रोजच्या वेळेला, जशी काही झोपायलाच तेवढी पलीकडच्या गल्लीत गेली होती.

ती आपल्या जागेवर बसली, थोरलीच्या मांडीवरची खुंटी उचलली, बोट फिरवलं आणि तोंड वाकडं केलं.

"कुणी घासलीय ही?"

"मांजरानं," थोरली म्हणाली आणि लेथ सुरू केला.