बाबांच्या झडपेचा अंदाज

बाबांच्या हृदयाची एक झडप वयाने कडक होत चालली आहे, ही बातमी आमच्या घरात सगळ्यांनी मनावर घेतली, बाबा सोडून. "कडक झाली तं चांगलंच हाये ना, लवकर तुटणार नाई," असं म्हणून ते वावरात निघून गेले.

दर काही महिन्यांनी दारव्ह्याहून यवतमाळला जाऊन छातीची सोनोग्राफी, म्हणजे इको, करायची. अरुंद झडपेतून रक्त किती जोरात निघतं ते मशीन दाखवतं. जुने इको शेजारी ठेवून झडप कोणत्या चालीने आवळत चालली आहे, याचा अंदाज डॉक्टर मॅडम बांधायच्या. ऑपरेशन उगाच लवकर नको, पण उशीर झाला तर हृदयच थकतं. म्हणून दम लागतो का, हे बाबांनी खरं सांगणं भाग होतं. तिथेच घोडं पेंड खात होतं. मी एकदा बोलून बसलो होतो की बाबांना दम लागायला लागला की बैलजोडी विकून टाकू. तेव्हापासून बाबांना दमच लागेना.

त्यात जन्मभर कापूस विकलेला माणूस. गाडीत वर पांढराशुभ्र कापूस ठेवायचा आणि डागाळलेली कवडी, म्हणजे किडका कापूस, खाली दडवायची, ही आमच्याकडची रीत. बाबांनी ती इकोलाही लावली. तारीख आली की आठवडाभर आधी काम बंद, तिखट बंद, दुपारची झोप सुरू. जाताना इस्त्रीचा सदरा. टेबलावर असे शांत पडायचे, की मॅडमनी खूश होऊन भाव वाढवूनच द्यावा.

पण जिनिंगवरचा व्यापारी गाडीत कोपरापर्यंत हात खुपसतो, हे ते विसरले. या खेपेला रक्ताचा वेग वाढलेला पाहून मॅडम उठल्या. "काका, चला, माझ्यासोबत हळूहळू जिना चढा," म्हणाल्या आणि त्यांनी बाबांचं मनगट धरलं. आई आणि मी मागून निघालो.

मधल्या वळणावर बाबा थांबले. समोर गरोदर मातांच्या आहाराचा तक्ता होता. तो त्यांनी वरपासून खालपर्यंत मन लावून वाचला. मग बाबांनी तो पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतला. मला त्यांचा संताप आला आणि भीतीही वाटली.

"दम लागतो ना, काका?"

"छे! माहं सोडा मॅडम, हिले तपासा," बाबांनी आईकडे बोट केलं. "वावरातून येतानी घडीघडी खाली बसते. मले थांबा लागते हिच्यासाठी."

डॉक्टरांपुढे कधी तोंड न उघडणारी आई पायरीवर टेकली. "मी काटा काढाले बसते."

"इतके काटे?" मॅडम म्हणाल्या.

"काटा नसते बाई. ह्यायलेच दम लागते, अन् थांबा म्हटलं का राग येते. म्हून मीच बसते पाय धरून." मग पुढे म्हणाली, "पहिले पार घराजवळच्या नाल्यापाशी बसो. आता आपलं वावर संपाच्या आंधीच बसा लागते."

मॅडमनी बाबांचं मनगट सोडलं. इको जे सांगत होता तेच हेही सांगतंय, आता वाट पाहायची नाही, असं त्यांनी स्पष्टच सांगितलं. बैल विकायची गोष्ट मी त्या जिन्यावरच सोडून दिली, आणि तसं बाबांना बोलूनही दाखवलं. त्यांचं माझ्याकडे लक्षच नव्हतं.

"म्हंजे तुह्या पायात काटा नव्हताच?" त्यांनी आईला विचारलं.

"नाई."

"अन् मी रोज तुह्या पायाची चिंता करून राह्यलो!"

ते फुगलेच. मग मॅडमकडे वळले.

"करून टाका ऑपरेशन. नाई तं उठून-बसून हिचे गुडघे जातीन."