पिंपावरची काडी

नोखान्योने पेटती काडी पिंपाच्या तोंडाशी धरली. आतली मक्या-ज्वारीची बिअर फसफसून तयार असली की तिच्या वायूने काडी तिथे क्षणभरही टिकत नाही, गपकन विझते. ही मात्र निवांत जळत राहिली, थेट बोटापर्यंत.

"विझली का गं?" मागून सासूबाई मामड्लोमोंनी विचारलं. त्यांचे दोन्ही डोळे मोतीबिंदूने गेले होते.

"विझली, आई."

बोलून तर गेली. उद्या सकाळी वारलेल्या सासऱ्यांच्या विधीला अख्खं गाव गोठ्यापाशी जमणार. पहिला घोट पूर्वजांचा. तोच फसला तर पूर्वजांनी हिला नाकारलं असं म्हणायला लोक मोकळे. त्यांना निमित्तच हवं असतं. लग्नाला तीन वर्षं झाली तरी पाळणा हलला नव्हता. गेल्या हिवाळ्यात अशाच न फसफसलेल्या पिंपापायी शेजारची सून माहेरी गेली, ती गेलीच.

चूक तिला ठाऊक होती. घाईघाईत, मक्याची पेज कोमट व्हायची वाट न पाहता, तिने मोड आलेल्या ज्वारीचं पीठ वाफाळत्या पेजेतच ओतलं होतं. पिठातलं आंबवण जागीच मेलं.

"इकडे ये," सासूबाई म्हणाल्या. "काडी विझली, तर जळक्या नखाचा वास कुठून येतोय?"

नोखान्यो सगळं सांगून मोकळी झाली. आता आपल्याला ट्रंक भरायला सांगणार, याची तिला खात्रीच होती.

"आंधळीला फसवलंस. पूर्वजांना कशी फसवणार होतीस?" म्हातारी कडाडली. मग काठी चाचपत उठली. "रडतेस काय? पलीकडच्या मामग्सिनाने आजच तिची बिअर गाळलीय, तिच्याकडून बादलीभर चोथा आण, त्यात आंबवण जिवंत असतं. उरलेलं पीठही घाल, पण आधी बोट बुडवून बघ. कुणी विचारलं तर सांग, म्हातारीच्या हातून बिघडलं. मला कुठे धाडणार आहेत?"

पिंपाला आपली लग्नातली घोंगडी गुंडाळून नोखान्यो दिवसभर कान लावून बसली. आत काही वाजेना.

उजाडलं तेव्हा फाटकाशी माणसांचे आवाज येऊ लागले होते. घाईत दोन काड्या मोडल्या. तिसरी पेटली. तिने ती पिंपावर नेली.

"काय झालं?"

"विझली, आई."

म्हातारीने तिचा हात ओढून घेतला आणि एकेक बोट चाचपून पाहिलं. बोटं गार होती.

"दार उघड," ती म्हणाली.