टॅबवरची रांगोळी

शहागंजात हातगाडीवर रांगोळीचे ढीग दिसले अन् बायको आठवली. गेल्या साली नातीच्या शाळेनं चित्रकलेच्या तासाला आजी-आजोबांना बोलावलं होतं. मॅडमनं टॅबवर ठिपके मांडून हिच्यापुढं ठेवले. ही सवयीनं चिमटीतनं रांगोळी सोडायला गेली, तर ठिपकेच लहान-मोठे व्हायला लागले. पोरी खिदळल्या. "आजी, एकच बोट लाव," नात म्हणली. मग हिनं एका बोटानं लई देखणं कमळ काढलं. मॅडमनं विचारलं, "सेव्ह करू का, आजी?" "रांगोळी कुणी ठेवतं व्हय? उद्याची उद्या काढायची," असं म्हणून हिनं ती पुसायला लावली. त्याच उन्हाळ्यात ही गेली. परवा मी शाळेत जाऊन त्या कमळाचं विचारलं. मॅडम हळूच म्हणल्या, "बाबा, पुसलेलं परत येत नाही." मी म्हणलं, "ते ठाऊक हाय मला. तरी एकदा बघा."