दंडावरचं नाव

"बाही अजून वर कर," मी म्हटलं.

सायलीनं ती खांद्यापर्यंत गुंडाळली. दंडावर हिरवट शाईत चार अक्षरं होती: दिनकर.

"पप्पांचं नाव. फौजेत होते," ती म्हणाली. "प्रगतिपुस्तकावरच्या त्यांच्या सहीवरून काढलंय. ते वारले ना, त्याच साली जत्रेत काढून घेतलं."

बारावी नुकतीच झालेली. तिलाही फौजेत जायचं होतं आणि कोचिंगच्या सरांनी सांगितलं होतं, हा टॅटू मेडिकलमध्ये अडेल. खरंच होतं ते. कोपरापासून मनगटापर्यंत, आतल्या बाजूला असता तर चालला असता. दंडावर चालत नाही.

"मग इतक्या वर कशाला काढलास?"

तिची आई खाली बघत म्हणाली, "मीच बोलले होते, डॉक्टरमॅडम. मुलीची जात आहे, बाहीत लपून जाईल. उद्या सासरचे काय म्हणतील?"

लेसर शाईचे बारीक तुकडे करतो आणि शरीर ते हळूहळू वाहून नेतं. दोन सिटिंगच्या मध्ये दीड-दोन महिने जावे लागतात, आणि अशा बऱ्याच सिटिंग लागतात. मी ठणकावून सांगितलं, "निवड व्हायची वाट बघत बसलात तर मेडिकलपर्यंत दंड साफ होणार नाही. आजच सुरू करू."

सायली सतराची, म्हणून फॉर्म आईनं भरायचा. 'काय काढायचे' या रकान्यापाशी पेन थांबलं.

"नाव लिहा," मी म्हटलं.

"ह्यांचं नाव मी नाही घेत."

"घेऊ नका हो, नुसतं लिहा!" बाहेर पेशंट खोळंबले होते, माझा आवाज चढला. आईनं पेन मुलीकडे सरकवलं. सायलीनं लिहिलं.

 शेवटच्या सिटिंगनंतर तिनं दंडावरून बोट फिरवलं आणि विचारलं, "मॅडम, आता अजिबात दिसत नाही ना?" दिसत नव्हतं. मी खूश होते, काम सुरेख झालं होतं.

लेखी परीक्षा ती पास झाली. मुलाखतीतून मात्र परत पाठवलं. दुसऱ्या खेपेलाही तेच. मेडिकलपर्यंत गाडी गेलीच नाही. त्या दंडाकडे फौजेतल्या कुणी पाहिलंसुद्धा नाही.

नंतर एकदा आई एकटीच दवाखान्यात आली. पहिल्या दिवशी आम्ही टॅटूचा फोटो काढतो, तो तिला हवा होता. "सायली काही बोलत नाही. नुसती दंडाला हात लावून बसते."

काउंटरवरची मुलगी नवीन होती. कॉम्प्युटरवर तिच्यासमोर दंडांचे ढीगभर फोटो. तिनं सहज विचारलं, "आंटी, टॅटूत काय लिहिलं होतं?"

मी उठून सांगणार, तेवढ्यात आईनं पदर सावरला.

"दिनकर," ती म्हणाली. मग पुन्हा एकदा, जरा मोठ्यानं. "दिनकर."

मला फार वाईट वाटलं. घाई माझी होती.

आता कुणी नोकरीसाठी नाव काढायला आलं, की मी आधी विचारते, नोकरी नाही लागली तरी नाव गेलेलं चालेल का? उत्तर काहीही येवो, फोटो दोन काढते. एक फाइलला, एक घरी न्यायला.