घाटात सुनीताताई सर्वांत पुढे

मंडळी, आज आम्ही जर्मनीतल्या कार्ल्सरूहेचे मराठी सायकलवाले सीमेपलीकडे फ्रान्समधल्या घाटात गेलो. नदीकाठी सगळे बरोबर असतात, पण चढ लागला की सुनीताताई मागे पडतात. माथ्यावर त्या कधी पोचल्याच नव्हत्या; आम्हीच खाली परत येऊन त्यांच्याबरोबर जेवायचो.

आज मी ठणकावलं, "ताई पुढे राहतील. त्यांना कोणी मागे टाकायचं नाही!"

"मग जेवायला संध्याकाळ होईल," निखिल कुरकुरला.

ताई म्हणाल्या, "अरे, नेहमीसारखे सगळ्यांच्या धपाट्यांचे डबे माझ्याच पाठीवर आहेत. पुढे जाऊन खाणार काय?"

आम्ही खजील झालो. डबे वाटून घेतले. माथ्यावर ताई पहिल्या पोचल्या!

आपण ज्यांच्यावर ओझं लादतो, त्यांनाच हळू म्हणतो. हा अन्याय आहे. तुमच्या घरात, ऑफिसात कोण मागे पडतंय? त्यांच्या पाठीवर कुणाकुणाचं ओझं आहे?